गावाकडच्या शेतीत नवीन काही आणायचंय? आधी एक रात्र वाशी मार्केटला काढा

ठाणे, कल्याण, ऐरोली, कोपरखैरणे इकडे राहणारे आपल्यासारखे खूप जण आहेत ज्यांची नोकरी इथे आणि जमीन मुरबाडला नाहीतर शहापूरला, दोन-चार एकर, बाबा नाहीतर काका कसतात, आणि आपण सुट्टीला गेलो की मोबाईलवर बघितलेलं काहीतरी त्यांना सांगत बसतो, की ड्रोन घ्या, शेडनेट टाका, सोलर लावा. ते ऐकून घेतात, चहा देतात आणि काही करत नाहीत. मग परतीच्या एसटीत आपण म्हणतो की जुन्या लोकांना नवीन काही नकोच असतं.

मीही असंच म्हणायचो. आमच्याकडे मुरबाड तालुक्यात भात निघाल्यावर भेंडी लावतात. चार वर्षांपूर्वी मी बोनसच्या पैशातून काकांना सोलर ड्रायर आणून दिला, भाव पडला की भेंडी सुकवून विकू असा विचार. ड्रायर चांगला चालला, भेंडीही छान सुकली. पण विकत कोण घेणार हे मी आधी कोणालाच विचारलं नव्हतं. सोळा किलो सुकी भेंडी पावसाळ्यापर्यंत घरात पडून होती आणि शेवटी दमट लागून गेली. काकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पुढची दोन वर्षं मी काहीही सांगितलं की "बघू" एवढंच यायचं. त्यांचं बरोबर होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण वस्तू चांगली असून उपयोग नाही, शेतापासून गिऱ्हाईकाच्या ताटापर्यंत जी साखळी आहे त्यात आपला पैसा नेमका कुठे गळतो ते आधी सापडलं पाहिजे, आणि नवीन जे काय करायचं ते तिथेच करायचं.

मार्केटची रात्र

सुरुवात शेतात करू नका, वाशीला करा. तिथल्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत, पाच मार्केटं आहेत, कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य. भाजीपाला मार्केट १९९६ ला मुंबईतून इकडे आलं. रात्री गाड्या लागायला सुरुवात होते आणि पहाटेपर्यंत चांगल्या मालाचा व्यवहार होऊन जातो, त्यामुळे सकाळी नऊला जाऊन काही दिसणार नाही. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून तुर्भ्याला उतरा, रिक्षा करा, आणि शक्य असेल तर गावचा जो टेम्पो माल घेऊन येतो त्याच्या ड्रायव्हरशी आधी बोलून ठेवा. त्याच्यासोबत असलात की गाळ्यावर तुम्हाला कोणी परका समजत नाही.

तिथे बोला कमी, बघा जास्त. तुमच्या गावची गोणी उतरते तेव्हा व्यापारी ती कुठे हात घालून बघतो, वरचा माल बघतो की तळातून मूठ काढतो. शेजारच्या गाळ्यावर नाशिककडची किंवा गुजरातची भेंडी असेल तर ती कशात आली आहे, गोणीत की क्रेटमध्ये, लांबी सारखी आहे का, रंग कसा आहे, आणि तिला आपल्यापेक्षा किती जास्त भाव लागला. नंतर गर्दी ओसरली की गाळेवाल्याला सरळ विचारा, "शेठ, आमच्या मालात काय कमी पडतं?" माझा अनुभव असा की हा प्रश्न त्यांना कोणी विचारतच नाही, आणि विचारला की ते मनापासून सांगतात. आम्हाला सांगितलेलं वाक्य मी तसंच लिहून ठेवलंय: "तुमची भेंडी चांगलीये, पण एका गोणीत आज्जी आणि नात दोन्ही भरता."

आणि पट्टी, म्हणजे माल विकल्यावर व्यापारी देतो तो हिशोबाचा कागद, नीट वाचायला शिका. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, भाडं सगळं असतं. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, म्हणजे तुमच्या पट्टीत आडत कापलेली दिसली, मग ती कोणत्याही नावाने असो, तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शेतातलं वजन आणि पट्टीवरचं वजन यातला फरकही दर खेपेला लिहून ठेवा, त्यातूनच पुढची अर्धी गोष्ट कळते.

वहीत साखळी मांडा

आता घरी बसून एका तोड्याचा, म्हणजे एका वेळच्या तोडणीचा, हिशोब लिहा. खालचे आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा २०० किलो भेंडी तोडली. गोणीत भरली, दिवसभर राहिली, रात्री निघाली, मार्केटला १९० किलो भरली. सरसकट २५ रुपये भाव लागला, म्हणजे ४,७५० रुपये. तोडणीला चार माणसं ४०० ने १,६००, टेम्पो ६००, हमाली-तोलाई १५०, गोण्या १००. हातात राहिले २,३००, आणि बियाणं, खत, औषध, वीज सगळं यातूनच जायचंय.

आता तोच माल, फक्त तोडून लगेच सावलीत आणला, दोन प्रतीत निवडला आणि क्रेटमध्ये भरला. घट कमी झाली, १९६ किलो पोचली. त्यातली १३० किलो कोवळी एकसारखी ३४ ने गेली, म्हणजे ४,४२०, आणि ६६ किलो जाड माल २० ने, म्हणजे १,३२०. एकूण ५,७४०. निवडायला एक माणूस जास्त म्हणून मजुरी २,०००, क्रेटला जागा जास्त लागते म्हणून टेम्पो ७००, हमाली-तोलाई १५०. राहिले २,८९०. एका तोड्याला ५९० रुपये जास्त. १५ क्रेट ३५० ने घेतले तर ५,२५० लागतात, म्हणजे नऊ तोड्यांत क्रेट फिटले. भेंडी एक दिवसाआड तोडतात, तेव्हा अठरा-वीस दिवसांत.

कोणी म्हणेल क्रेट म्हणजे काय टेक्नॉलॉजी आहे का. आहे. निवडणं, सावली, क्रेट ही सगळी तंत्रंच आहेत, फक्त त्यांची जाहिरात होत नाही. एक काळजी मात्र घ्या, रिकामे क्रेट मार्केटमधून परत येत नाहीत ही सगळ्यांची रड आहे, तेव्हा ऑइलपेंटने चारही बाजूंना गावाचं आणि घराचं नाव मोठ्ठं लिहा आणि टेम्पोवाल्याला मोजून द्या, मोजून घ्या.

ही वही का महत्त्वाची ते एका आकड्यावरून कळेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात गिऱ्हाईकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला किती मिळतात ते काढलंय, टोमॅटोत साधारण ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकीचं सगळं दलालच खातो असं समजू नका, त्यात वाहतूक आहे, हमाली आहे, सडलेला माल आहे, किरकोळ दुकानदाराचं नुकसान आहे. यातला कुठला तुकडा आपण स्वतःकडे ओढू शकतो हे वही सांगते.

गळती कुठे आहे त्यावर उपाय

भेंडीत गळती बहुतेक तोडणी ते टेम्पो या आठ-दहा तासांत असते. पहाटे तोडा, ऊन चढायच्या आत संपवा. काढणी एक दिवस लांबली की भेंडी जून होते आणि गाळ्यावर टोक मोडून बघतात तेव्हा कट्ट आवाज येत नाही, भाव तिथेच पडतो. तोडणाऱ्या बायकांना हातमोजे द्या, भेंडीच्या लवेने हाताला जी आग होते ती सहन करत कोणी नीट निवडून तोडणार नाही, ही माणुसकीही आहे आणि धंदाही. देठ दाबून ओढू नका, ओरखडा पडला की तिथे काळं पडतं.

गारव्याचं म्हणाल तर भेंडीला ७ ते १० अंश मानवतं. त्याखाली गेली की शिरा काळ्या पडतात, म्हणून घरच्या फ्रिजसारख्या गार जागेत कोंबायची नाही, आणि बर्फाच्या गाडीत तर नकोच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटा आणि वाळूचा बिनविजेचा शीतकक्ष बनवलाय, विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, वाळूवर पाणी शिंपडत राहायचं, बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंश कमी तापमान मिळतं. पण हे कोरड्या हवेचं काम आहे. मार्च-एप्रिलला दुपारी मुरबाड-शहापूरला चांगला फरक पडतो, पावसाळी दमट हवेत काही होत नाही. आंब्याच्या झाडाखाली ओलं गोणपाट टाकून क्रेट ठेवले तरी सुरुवातीला पुरे.

ठिबकाबद्दल थोडक्यात. जिथे विहीर मार्चला तळ गाठते तिथे ठिबक आणि मल्चिंग, म्हणजे जमिनीवरचं आच्छादन, हीच खरी गळती बुजवतात, कारण भाव चांगला असतो तेव्हाच पाणी संपलेलं असतं. अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्र-राज्य मिळून ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. दोन गोष्टी लक्षात ठेवा: पूर्वसंमती येण्याआधी सामान विकत घेतलं तर अनुदान जातं, आणि अनुदान नंतर येतं, पैसे आधी आपल्यालाच घालायचे असतात. त्या मधल्या महिन्यांचे पैसे कुठून आणायचे ते ठरवूनच अर्ज भरा, आणि अर्जाचं काम आपण शहरातल्यांनी करा, काकांना सेतूच्या रांगेत उभं करू नका.

भावाची ॲप सगळे सुचवतात. इथे केरळची गोष्ट सांगतो. १९९७ ते २००१ मध्ये तिथे किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर आले आणि मासेमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवर फोन करून भाव विचारायला लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने ते मोजलं, मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाईकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली आणि न विकल्यामुळे फेकून द्यायची वेळ जवळपास संपली. हे सगळं झालं कारण होडी वळवता येत होती. आपला टेम्पो जर ठरलेल्या एकाच गाळ्यावर जाणार असेल, आणि त्या गाळ्याकडून बियाण्याला उचल घेतलेली असेल, तर भाव कळून करणार काय? म्हणून ॲपच्या आधी दुसरी वाट तयार करा, कल्याणची बाजार समिती, मुरबाडचा बाजार, एखाद्या हॉटेलचं पुरवठ्याचं काम, काहीही, आठवड्यातून एक खेप तिकडे. मग भाव बघण्याला अर्थ येतो. आणि आता समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट भिवंडीतल्या आमण्यापर्यंत सुरू झालाय, म्हणजे नाशिक-नगरचा माल लवकर आणि ताजा पोचतोय. जवळ असण्याचा आपला फायदा कमी होत चाललाय हे मान्य करून चाला, प्रतवारी आता सोडून चालणार नाही.

एक्सपोर्टचं स्वप्न

मुरबाड-शहापूरची भेंडी आखातात आणि युरोपात जाते हे खरंय, आणि भावही चांगला असतो. पण इथे साखळी वेगळी आहे. पणन मंडळाची भाजीपाल्याची आणि आंब्याची निर्यात केंद्रं वाशीतच आहेत, ती एकदा बघून या, माल कसा निवडतात ते डोळ्यांनी बघितलं की घरातल्या चर्चा बदलतात. नोंदणी तालुका कृषी कार्यालयातून होते, व्हेजनेट या निर्यातीच्या भाजीपाल्याच्या ऑनलाइन नोंदीत प्लॉट चढतो.

खरी अडचण औषधाची आहे. प्रत्येक औषधाच्या बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते लिहिलेलं असतं. आता बघा, भेंडी एक दिवसाआड तुटते, औषध म्हणतं इतके दिवस थांबा. थांबलं तर माल जून होतो, नाही थांबलं तर मालात औषधाचा अंश सापडतो. भारतातून येणाऱ्या भेंडीची औषधांच्या अंशासाठी युरोपात जास्तीची तपासणी होते. म्हणजे एक्सपोर्टला लागणारं तंत्र शेडनेट नाही, फवारणीची वही आहे: तारीख, औषध, प्रमाण, किती दिवस थांबलो. पांढरी माशी हळद्या रोग, ज्यात पानं पिवळी पडतात, तो पसरवते, तिच्यासाठी सुरुवातीपासून पिवळे चिकट सापळे, ५ टक्के निंबोळी अर्क, रोगट झाड दिसलं की उपटून लांब पुरायचं, आणि कडक औषध लागलंच तर तोडा सुरू व्हायच्या आधी. दुकानदार दोन औषधं एकत्र मारा म्हणाला तर लेबल वाचल्याशिवाय मारू नका.

एकाच्या चुकीचा फटका सगळ्यांना बसतो हे २०१४ ला बघितलंय. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने हापूससकट भारतातले सगळे आंबे आणि सोबत वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केले, कारण आधीच्या वर्षी २०७ खेपांत फळमाशी वगैरे कीड सापडली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली पण तो सीझन गेलाच.

आणि सगळं नीट करूनही खरेदीदार एकच असेल तर काय होतं त्यासाठी केनिया. तिथे ड्रमनेट नावाचा कार्यक्रम होता, लहान शेतकऱ्यांना गटात घेऊन कर्ज, खत, वाहतूक आणि निर्यातदार सगळं जोडून द्यायचे, फरसबीसारखी पिकं लावायला लावायची. त्यावर अभ्यास झाला, त्यात पहिल्यांदाच ती पिकं घेणाऱ्यांचं उत्पन्न चांगलं वाढलेलं दिसलं. पण अभ्यास संपल्यावर वर्षभरात युरोपच्या प्रमाणपत्राची अट आली, शेतकऱ्यांकडे ते नव्हतं, निर्यातदाराने माल घेणं थांबवलं आणि लोकांना मिळेल त्या भावाला विकावं लागलं, काहींचा माल शेतातच राहिला. हे वाचलं तेव्हा मला सोळा किलो सुकी भेंडी आठवली. त्यामुळे माझं मत सरळ आहे, पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा क्षेत्र एक्सपोर्टच्या शिस्तीने करा, बाकी वाशी-कल्याणला जाऊ द्या, आणि जे वाण लावाल ते दोन्हीकडे विकलं जाणारं असू द्या.

काकांना कसं सांगायचं

इथेच आपण सगळ्यात जास्त चुकतो. पहिलं, वेळ. भेंडीच्या पेरणीच्या तोंडावर, भाताच्या कापणी-झोडणीचे पैसे द्यायचे असताना, घरात रोख नसते. खर्चाची गोष्ट तेव्हा काढूच नका. केनियात खताच्या बाबतीत हेच दिसलं, शेतकऱ्यांना खत घ्यायचं होतं पण पेरणीपर्यंत पैसे उरत नव्हते, म्हणून हंगाम संपल्यासंपल्या हातात पैसे असतानाच थोड्या सवलतीत घरपोच खताची ऑफर दिली तेव्हा वापर वाढला. आपल्याकडे ती वेळ म्हणजे एप्रिल-मे, भेंडीच्या पट्ट्या जमा झाल्यावर, लग्नसराईत पैसे जायच्या आत. पुढच्या हंगामाचे क्रेट, सापळे, लॅटरल (ठिबकाच्या नळ्या) तेव्हाच घेऊन ठेवा.

दुसरं, आपलं तोंड पुरेसं नाही, शेजाऱ्याचं शेत लागतं. घानात अननस करणाऱ्या शेतकऱ्यांवर अभ्यास झाला, खत किती टाकायचं हे ते ओळखीच्या शेतकऱ्याला अनपेक्षित फायदा झालेला बघून बदलत होते. काकांना कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात न्या, जरूर न्या, पण त्याहून जास्त काम होईल ते बाजूच्या पाड्यावर कोणी ठिबक केलं असेल त्याच्या बांधावर अर्धा तास उभं राहून. आणि त्यांना दोघांनाच बोलू द्या, आपण मधे पडायचं नाही.

तिसरं, पाच गुंठे. एवढ्यावरच करा, मधे दोरी लावा, एका बाजूला जुनी पद्धत एका बाजूला नवीन, पट्ट्या वेगळ्या. तोट्याची बाजू तुम्ही घ्या, म्हणजे बोलून दाखवा की या पाच गुंठ्यात कमी आलं तर फरक मी देईन, आणि खरंच द्या. आमच्याकडे क्रेटची सुरुवात अशीच झाली, काका पहिल्यांदा हो म्हणाले ते या वाक्यावर.

आणि काकू. निवडणं, तोडणी, मजूर बायकांचं बघणं हे घरातल्या बायकाच करतात, प्रतवारी करायची तर काम त्यांचंच वाढतं. त्यांना न विचारता ठरवलं तर चार दिवसांत बंद पडणार. आमच्याकडे पहिल्या मालाच्या भावातला जो फरक येतो त्यातला ठरलेला हिस्सा काकूंच्या खात्यात जातो, आणि तेव्हापासून निवड इतकी कडक झाली की काका कुरकुर करतात.

तरीही ते नाही म्हणाले तर कारण शोधा. केनियातच संकरित मक्याबद्दल अर्थशास्त्रज्ञ तवनीत सुरी यांनी दाखवलंय की ज्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला असता असे काही लोक ते बियाणं वापरत नव्हते, कारण बियाणं-खत आणायला लांब जावं लागायचं आणि तो खर्च परवडत नव्हता. आडमुठेपणा नव्हता, रस्ता नव्हता. आपल्याकडे तसं कारण म्हणजे पंपाची थ्री फेज लाईट रात्रीच येते, किंवा फुटलेला लॅटरल जोडायला जवळ कोणी नाही. ते कारण तुम्हाला सोडवता येतं का बघा.

एकट्याने होत नाही तिथे

टेम्पो भरायला, क्रेट परत आणायला, सोसायटीत विकायला चार-पाच घरं लागतातच. शेतकरी उत्पादक कंपनी दहा शेतकऱ्यांत निघते, पण केंद्राच्या २०२० च्या योजनेतून मदत हवी तर सपाट भागात तीनशे सभासद लागतात, आणि हिशोब ठेवणारं माणूस लागतं. घाई नको, एक हंगाम नुसता एकत्र टेम्पो चालवून बघा, त्यात भांडणं झाली नाहीत तर कंपनीचा विचार करा.

घोडबंदर रोड, खारघर, ऐरोलीतल्या सोसायट्यांत थेट विकायचं असेल तर एक लक्षात घ्या, लोक नुसत्या भेंडीसाठी खाली उतरत नाहीत. लॉकडाऊनमध्ये २०२० ला बऱ्याच जणांनी सुरू केलं, त्यातलं बरंचसं बंद पडलं कारण कायम तीनच भाज्या. भेंडी, काकडी, गवार, वाल, पालेभाज्या, थोडं लिंबू-मिरची असं आठ-दहा प्रकारचं व्हायला हवं, म्हणून घरं वेगवेगळी पिकं घेणारी जोडा. ग्रुपवर शुक्रवारी ऑर्डर, शनिवारी पहाटे तोडणी, नऊच्या आत गेटवर. पहिल्या महिन्यात एका सोसायटीच्या पुढे जाऊ नका, आणि जून भेंडी चुकूनही पिशवीत टाकू नका, ती कल्याणला पाठवा. आमची सध्या दोन सोसायट्या आणि आठवड्याला दोन खेपा वाशी अशी घडी बसलीये, या हंगामात क्रेट पंधराचे चाळीस करायचेत, आणि त्यांचे पैसे काकांनी स्वतःहून एप्रिललाच बाजूला काढून ठेवले होते.